कात्री उचलण्याआधीचे प्रश्न : कुरळ्या केसांसाठीच्या एका सलूनचा दोन वर्षांचा अनुभव

पुण्यात कर्वेनगर भागातील एका लहानशा सलूनमध्ये गेली दोन वर्षे, साधारण दर चार महिन्यांनी, मी केस कापून घेत आले आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच लेखात ज्या दुकानांविषयी तक्रार करणार आहे त्यांचीही नावे दिलेली नाहीत, आणि कौतुक नावानिशी करायचे व दोष मात्र मोघम सांगायचे, हा व्यवहार मला बरा वाटत नाही. शिवाय कुरळ्या केसांच्या बाबतीत दारावरच्या पाटीपेक्षा कात्री धरणारा हात महत्त्वाचा असतो, आणि तो हात उद्या दुसऱ्या दुकानात गेला की पाटीचा काही उपयोग उरत नाही. तेव्हा हे परीक्षण त्या दुकानाइतकेच ‘कर्ली कट’ नावाच्या, म्हणजे कुरळे केस कोरडेच एकेक बट पाहून कापण्याच्या, सेवेचे आहे असे समजावे.

पहिल्यांदा वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडून सूचना आली, ती मी पूर्वी कुठेही ऐकली नव्हती. येण्याच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, वाळल्यावर विंचरू नका, बांधू नका, क्लिप लावू नका. तुम्ही एरवी बाहेर पडता तसे मोकळे सोडून या. ‘विंचरू नका’ हे शब्द मी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, कारण चाळीस वर्षांत माझ्या केसांविषयी लोकांनी मला सांगितलेली सर्वांत वारंवार गोष्ट म्हणजे ‘जरा विंचरून ये’ हीच आहे.

माझे बालपण चिपळूणला गेले. कोकणातल्या दमट हवेत माझे केस सुटले की कानाभोवती वेटोळी घालत आणि टाळूवर मात्र फुगून बसत. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या असल्याने आई रोज सकाळी वाटीभर खोबरेल तेल चोपडून, प्लॅस्टिकच्या बारीक कंगव्याने टाळूपासून खाली ओढत गुंता काढायची. गुंता खालच्या टोकापासून सोडवत वर यायचे असते, हे ना तिला कोणी सांगितले होते ना मला. तुटलेले केस बोटाला गुंडाळून ती म्हणायची, ‘किती हे केस गळतात तुझे!’ ते गळत नव्हते, तुटत होते. कृष्णाच्या वर्णनात कुरळे कुंतल मोठ्या कौतुकाने येतात. घरातल्या मुलीच्या डोक्यावर मात्र त्यांच्या झिपऱ्या होतात. शाळेत मला ‘मॅगी’ म्हणत, आणि एका बाई तर हजेरी घेताना माझ्या डोक्याकडे बघून ‘आज वारा सुटला होता का?’ असे विचारायच्या.

महाविद्यालयासाठी पुण्याला आल्यावर पार्लरची गाठ पडली. तेथील पद्धत ठरलेली होती. खुर्चीत बसवायचे, गळ्याभोवती कापड बांधायचे, आणि काही विचारण्याआधी फवाऱ्याच्या बाटलीने केस चिंब करायचे. ओला झालेला कुरळा केस पाण्याच्या वजनाने सरळ लोंबतो. केसातील प्रथिनांना आकारात धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाण्याने तात्पुरते सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे ओल्या अवस्थेत दिसणारी लांबी ही खरी लांबी नसतेच. मी ‘एक इंच’ सांगायची, कापणारी बाई प्रामाणिकपणे एकच इंच कापायची, आणि घरी पोहोचेपर्यंत केस वाळून तीन इंच वर गेलेले असायचे. त्यातही सगळे केस सारखे वर जात नाहीत. माझे मानेवरचे केस घट्ट वळणाचे आहेत आणि कपाळावरचे जेमतेम लाटेसारखे. परिणामी खाली रुंद आणि वर चपटा असा त्रिकोण तयार व्हायचा, आणि पुढचे दोन महिने तो अंबाड्यात कोंबून ठेवावा लागायचा. त्या बायकांना दोष देणे अर्धेच खरे आहे. त्यांना जे शिकवले गेले ते सरळ केसांवर, ओल्या केसांवर आणि फणीने ताणून धरलेल्या केसांवर. माझे डोके त्यांच्या अभ्यासक्रमाबाहेरचे होते.

अभ्यासक्रमात बसण्याचा प्रयत्न मीही एकदा केला. २००८ साली माझे लग्न ठरले आणि फोटोत केस ‘नीट’ दिसावेत म्हणून मी रीबाँडिंग, म्हणजे रसायने आणि इस्त्री वापरून केस सरळ करण्याचा उपचार, करून घेतले. त्या काळी त्याची लाट होती. माझ्या वर्गातल्या चार मुलींनी एकाच वर्षात केले होते. डेक्कनजवळच्या एका चकचकीत सलूनमध्ये साडेचार हजार रुपये आणि पूर्ण सहा तास गेले. आधी थायोग्लायकोलेटचे क्रीम लावतात, ज्याचा वास सडक्या अंड्याची आणि अमोनियाची आठवण एकदमच करून देतो. त्याने केसाला वळण देणारे गंधकाचे बंध तुटतात. मग धुऊन, वाळवून, बोटभर जाडीच्या बटा तापलेल्या इस्त्रीखालून ओढत सरळ करतात, आणि शेवटी दुसरे द्रावण लावून ते बंध त्या सरळ अवस्थेतच पुन्हा पक्के करतात. तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा अडकवायचे नाहीत. मी ते तीन दिवस उताणी झोपून काढले.

लग्नाचे फोटो चांगले आले, हे नाकारत नाही. परंतु केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि नव्याने उगवणारा केस कुठल्याही क्रीमला जुमानत नाही. मुळाशी कुरळे आणि खाली पापडासारखे सपाट, अशा अवस्थेत पाच-सहा महिन्यांत मी आले. जेथे दोन प्रकार एकमेकांना भिडतात तेथेच केस तुटतो. सासूबाईंनी एकदा काळजीने विचारले, ‘अगं, तुला काही होतंय का? केस असे का उभे राहायला लागले?’ तेव्हा खरे सांगावे लागले. सलूनमध्ये यावर उपाय विचारला असता ‘टचअप’ असे उत्तर मिळाले, म्हणजे तोच प्रकार दर आठ महिन्यांनी. मी टचअप केले नाही आणि पुढची तीन वर्षे टोके थोडी थोडी कापत जुने वळण परत मिळवले. रीबाँडिंग करणाऱ्या सर्वांनाच पश्चात्ताप होतो असे मी म्हणत नाही. माझी एक मैत्रीण पंधरा वर्षे ते आनंदाने करते आहे. मला राग आहे तो एवढाच, की सहा तासांत एकाही माणसाने मला ‘सहा महिन्यांनी काय होईल’ हे सांगितले नाही.

हल्ली रीबाँडिंगची जागा ‘केराटिन’ आणि ‘स्मूदनिंग’ या शब्दांनी घेतली आहे. गेल्या दहा वर्षांत, हे एक सलून सोडले तर, नुसते केस कापायला गेले तरी ते सुचवले गेले नाही, असे एकही दुकान मला आठवत नाही. ‘मॅडम, फार फ्रिझी आहेत, एकदा करून टाका, मॅनेज करायला सोपं जातं’, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी जसेच्या तसे ऐकले आहे की ते कुठल्या तरी प्रशिक्षणाच्या वहीत लिहिलेले असावे अशी मला शंका येते. यातील काही मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइड सुटते, आणि त्याने डोळे चुरचुरल्याचा अनुभव शेजारच्या खुर्चीत बसूनही येतो. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असते. अशा उपचारानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली नोंदले गेले आहे. ज्यांना करायचे त्यांनी करावे, परंतु डब्यावरील घटकांची यादी आधी मागून वाचावी, आणि ती दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर सरळ उठून यावे. मी आता ज्या सलूनची स्तुती करणार आहे त्याच्या दरपत्रकातही केराटिन आहे, हेही सांगून टाकते. मला मात्र त्यांनी ते दोन वर्षांत एकदाही सुचवलेले नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. केस कापणारी मुलगी कराडची आहे, वय तिशीच्या आत. तिने मला आरशासमोर बसवले, कापड बांधले, आणि कात्री न उचलता स्टूल ओढून माझ्या मागे बसली. किती दिवसांनी धुता? धुतल्यावर कशाने पुसता? झोपताना बांधता का? भांग एकाच बाजूला पाडता का? शेवटचा रंग कधी लावला? आणि मग असा प्रश्न आला, ज्याने मला निःशस्त्र केले : ‘ताई, तुमच्याकडे पाणी कॉर्पोरेशनचे येते की बोअरचे?’ आमच्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात आणि त्याच दिवसांत माझे केस झाडूसारखे राठ होतात. मी त्याचे खापर आजवर उन्हावर फोडत होते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार केसांवर साचतात, साबणाचा फेस धड होत नाही आणि कंडिशनर आत शिरत नाही, हे तिने सांगितले. त्याच पाण्याने नळाच्या तोंडावर जमणारा पांढरा थर मी रोज घासत होते. तोच डोक्यावरही जमत असेल असे मात्र कधी सुचले नव्हते.

या चौकशीला वीस मिनिटे लागली. त्यानंतर तिने कोरड्या केसांत बोटे घालून एकेक बट सुटी केली, ती टोकाला धरून हलकेच ताणली आणि सोडून दिली. बट किती वर उडते ते ती पाहत होती. माझ्या मानेवरची एक बट ताणल्यावर खांद्याच्या चार बोटे खाली गेली आणि सोडल्यावर हनुवटीशी येऊन थांबली. कपाळावरची बट मात्र ताणून आणि सोडून दोन बोटांचाच फरक पडला. एकाच डोक्यावर हे दोन प्रकार असताना सगळीकडे सारखे कापल्यास त्रिकोण होणारच, हे त्या क्षणी मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. केसांचे १ (सरळ) ते ४ (अगदी घट्ट वळणाचे) आकडे आणि त्यापुढे ए, बी, सी असे वर्गीकरण, जे अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या नावाने ओळखले जाते, त्याविषयी मी बरेच वाचून गेले होते आणि ‘माझे ३ए आहेत’ असे ऐटीत सांगितलेही. तिने हसून कानामागची एक बट पुढे ओढली आणि म्हणाली, ‘हे ३बी, हे पुढचे २सी. आकड्याने नाही कापत मी.’

नंतर कापणे सुरू झाले. फणी नाही, पाणी नाही. एकेक बट वळणाच्या ज्या टप्प्यावर आत झुकते तेथे कात्री लावायची, म्हणजे कापलेले टोक बाहेर न येता वळणात लपते. प्रत्येक बटेनंतर ती दोन पावले मागे जाऊन आरशात पाहत होती. टाळूजवळच्या आतल्या थरातील काही बटा तिने जास्त आखूड केल्या, जेणेकरून वरचे केस त्यांच्यावर टेकून थोडे उचललेले राहतील. कापडावर पडलेले केस स्वल्पविरामांसारखे दिसत होते. ‘थिनिंग’ची दातेरी कात्री तिने हातातही घेतली नाही, पूर्वी एका ठिकाणी ‘फार दाट आहेत’ म्हणून ती माझ्या डोक्यावर चालवली गेली होती आणि मधूनच आखूड झालेले केस महिनोन्महिने तारांसारखे उभे राहिले होते. कापून झाल्यावर धुणे, ओल्या केसांत कंडिशनर थोडा राखणे, जेल लावून मुठीत दाबत वर ढकलणे, आणि भोके असलेले वाडग्यासारखे तोंड लावलेल्या ड्रायरने मंद वाऱ्यावर वाळवणे. हा भाग तिने मला आरशात दाखवत शिकवला आणि शेवटच्या दोन बटा माझ्याकडून करून घेतल्या. एकूण अडीच तास लागले.

चार महिन्यांनी, केस वाढल्यावरही, तो आकार मोडला नव्हता, आणि माझ्या दृष्टीने चांगल्या कापणीची हीच खरी परीक्षा आहे. दुकानातून बाहेर पडताना सगळ्यांचेच केस छान दिसतात. तिसऱ्यांदा घरी धुतल्यावर, ड्रायर न लावता, सकाळी साडेआठच्या घाईत ते कसे बसतात ते पाहावे.

दराविषयी स्पष्ट लिहिते. पहिल्या वेळी कापणे, धुणे आणि वाळवणे यांचे १,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २,१२४ रुपये झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरील कर ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मी उत्साहाने गेले. मूळ दर २,००० झालेला होता आणि बिल आले २,१०० रुपयांचे. सरकारच्या कृपेने माझे चोवीस रुपये वाचले. नव्या कररचनेत दुकानाला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, असे मालकांनी समजावले, आणि ते खरेही आहे, पण माझा चेहरा बघून चहा मात्र लगेच आला. शेजारच्याच खुर्चीत सरळ केसांच्या बाईंचे पाचशे रुपयांत होते. चौपट रक्कम कुरळेपणाचा दंड आहे की अडीच तासांची मजुरी, यावर माझे मत प्रत्येक भेटीत थोडे बदलते. एका माणसाचे अडीच तास गृहीत धरले तर ही रक्कम अन्यायाची नाही, परंतु त्याच सलूनमध्ये ‘कुरळे केस’ या सबबीवर साध्या धुण्याचे दीडशे रुपये जादा घेतात, ते मला पटलेले नाही आणि मी तसे सांगितले आहे.

उणिवा आणखी आहेत. हे काम त्या दुकानात एकच व्यक्ती जाणते. मागच्या गणपतीत ती गावी गेली असताना मालकांनी ‘हाही तसेच करतो’ म्हणून एका मुलाला पुढे केले. त्याने आल्या आल्या फवाऱ्याची बाटली उचलली आणि मी नम्रपणे उठले. वेळ पंधरा दिवस आधी घ्यावी लागते आणि रविवारी मुळीच जाऊ नये, कारण अर्ध्यातून तिला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या रंगाकडे धावावे लागते. शिवाय बिलाच्या टेबलावर उत्पादने गळ्यात मारण्याची सवय त्यांनाही आहे. पहिल्या भेटीत मी भारावून जाऊन बाराशे रुपयांचा प्रथिनयुक्त मास्क घेतला. माझ्या केसांना प्रथिनांची गरज नव्हती. तीनदा लावल्यावर ते काथ्यासारखे कडक झाले. कापणाऱ्या मुलीला दाखवले तेव्हा तिने शांतपणे ‘हा मी सांगितला नव्हता’ असे म्हटले, आणि ते खरे होते. तेव्हापासून मी काउंटरवर फक्त पैसे देते.

घरची निगा त्यामुळे स्वस्तात बसवली आहे. कुरळ्या केसांसाठी अश्बा बोटॅनिक्स, फिक्स माय कर्ल्स यांसारख्या भारतीय कंपन्यांची उत्पादने आता सहज मिळतात, आणि प्रवासात मी त्यातले जेल वापरते. एरवी पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की लगेच आच बंद करायची आणि गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचे. दोन मिनिटांचाही उशीर झाला तर ते गाळले जात नाही, नुसते फडक्याला लोंबत राहते; पहिल्या खेपेला माझ्या स्वयंपाकघरात हा प्रकार झाला आणि उरलेल्या लगद्याचे काय करावे ते कळेना, कारण चटणी होण्याची वेळ टळून गेली होती. फ्रीजमध्ये हे जेल आठवडाभर टिकते. केस पुसायला मायक्रोफायबरचा टॉवेल घ्या असे सगळे सांगतात. माझ्या मते सासऱ्यांचा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा त्याहून चांगला आहे. टँकरच्या दिवसांत शेवटचा तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घेते. आईचे खोबरेल मी सोडलेले नाही, फक्त ते आता धुण्याच्या आदल्या रात्री आणि टोकांना लावते. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल वळणावळणांतून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून कुरळ्या केसांची टोके जात्याच कोरडी राहतात. तेल हवे ते तिथे.

गेल्या डिसेंबरात माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन गेले. तिच्या शाळेत अजूनही दोन वेण्या लागतात, आणि सकाळच्या गुंत्यावरून तिच्या घरात रोज रडारड होते. लहान मुलांच्या कापण्याचा दर ९०० रुपये आहे. कराडच्या मुलीने भाचीचे केस फारसे कापलेच नाहीत; वहिनीला शेजारी उभे करून, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत रुंद दातांचा कंगवा टोकापासून वर कसा आणायचा ते दाखवले, आणि वेणी घालायची तर ती धुतल्या दिवशी ओलसर असतानाच सैल घालून ठेवायला सांगितले. भाची सबंध वेळ आरशात स्वतःच्या एका बटेला ताणून सोडत होती. बिल देताना मालकांनी मुलांसाठीचा डिटँगलर, म्हणजे गुंता सोडवायला लावायचा द्राव, पुढे सरकवला, तो मी परत सरकवला. पुढची वेळ आम्ही दोघींची मिळून एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराची घेतली आहे. कराडची मुलगी त्या दिवशी आहे ना, हे आधी विचारून.